थोरला, धाकटा आणि मधली शिडी

ब्रिटनमध्ये दोन माणसं मिळून सोफा उचलायला लागली की त्यातला एक हमखास म्हणतो, "टू मी." दुसरा म्हणतो, "टू यू." म्हणजे माझ्याकडे सरकव, तुझ्याकडे सरकव. आम्ही शेफिल्डमध्ये घर बदललं तेव्हा सामान हलवायला आलेल्या पोरांनी आमचं कपाट जिन्यावरून उतरवताना हेच केलं. विशी-पंचविशीची पोरं, चेहरे अगदी मख्ख, आवाज मात्र नाटकातले. कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं तरी त्यांचं "टू मी, टू यू" काही थांबेना. शेवटी त्यांच्या मुकादमाने खालून हाळी दिली तेव्हा कुठे कपाट हललं.

हे बोल ज्यांचे, ते दोघे सख्खे भाऊ शेफिल्डला अगदी चिकटून असलेल्या रॉदरहॅमचे. बॅरी एलियट आणि पॉल एलियट. सगळा देश त्यांना चकल ब्रदर्स म्हणून ओळखतो. चकल म्हणजे गालातल्या गालात हसणं. बीबीसीवर मुलांसाठी त्यांची 'चकलव्हिजन' ही मालिका २६ सप्टेंबर १९८७ ला सुरू झाली आणि १८ डिसेंबर २००९ ला संपली. २१ पर्वं, २९२ भाग. इथे आज पंचविशी ते पंचेचाळिशीत असलेल्या कुणालाही विचारा, शीर्षकगीत तोंडपाठ असतं. गीतात मालिकेच्या नावापलीकडे फारसं काही नाही, हा भाग वेगळा.

कथानक सांगायला दोन ओळी पुरतात. दोघं भाऊ कुठलंतरी काम अंगावर घेतात. कुणाच्या भिंती रंगवायच्या, कुणाचं सामान पोचवायचं, कुठल्या हॉटेलात वाढायचं. कामाचा बोऱ्या वाजतो, मालक ओरडतो, आणि दोघं पायडल मारायच्या आपल्या चारचाकीवर बसून पुढच्या फजितीकडे निघतात. गाडीचं नाव चकमोबिल, नंबरपाटीवर 'चकल १'. दोघेही बुटके, दोघांनाही मिशा, दोघांच्याही चेहऱ्यावर आता हे काम आपल्याला जमणारच असा ठार खोटा विश्वास.

आमची मुलगी प्राथमिक शाळेत होती तेव्हा शाळा सुटून घरी आली की दप्तर दारात आणि ती टीव्हीसमोर. तेव्हा बीबीसी वनवर दुपारनंतरचा वेळ मुलांचा असायचा. एका वर्षी सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांचं इंग्रजी 'थँक्यू' आणि 'नो शुगर' एवढ्यावर भागायचं, त्यामुळे टीव्ही हा त्यांच्या दृष्टीने घरातला आवाज होता, बाकी काही नाही. एके दिवशी त्या मटार सोलत बसल्या होत्या. पडद्यावर हे दोघे एक लांबलचक फळी घेऊन दारातून आत जायचा प्रयत्न करत होते. फळी आडवी, दार उभं. सासूबाईंचा हात थांबला. शेंग अर्धी उघडलेली तशीच बोटात.

"अगं, यातला थोरला कोण?" त्यांनी विचारलं.

"तो, आई. जास्त मार खाणारा."

"म्हणजे धाकटा हुकूम सोडतोय आणि थोरला राबतोय?"

"हो."

त्यांनी आणखी थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "नाना भावजी आणि तुझे सासरे यांचं अगदी हेच होतं. फक्त मिशा नव्हत्या." आणि त्यानंतर मुंबईला परतीचं विमान धरेपर्यंत त्यांनी ती वेळ चुकवली नाही. नात शाळेतून यायला उशीर झाला तर स्वतःच टीव्ही लावून बसायच्या.

सासूबाईंनी जे एका शेंगेत ओळखलं ते मला या जोडीचं खरं मर्म वाटतं. दोन माणसांच्या विनोदाला काहीतरी उंच-सखल लागतं. जाड्या आणि रड्या यांचं उंच-सखल नुसत्या अंगयष्टीत दिसायचं. एक पोटाने भरलेला, दुसरा हडकुळा, पडद्यावर आले की निम्मं काम झालं. आपल्या तमाशातल्या बतावणीत सरदार आणि सोंगाड्या यांच्यात ते हुद्द्याचं असतं. एलियट भावांकडे यातलं काहीच नव्हतं. उंची तीच, मिशी तीच, कपड्यांचा ढंगही तोच. बॅरीचा जन्म २४ डिसेंबर १९४४ चा, पॉलचा १८ ऑक्टोबर १९४७ चा. जवळजवळ तीन वर्षांनी लहान असलेला पॉल शहाणपणा शिकवायचा, कामं वाटून द्यायचा, आणि बॅरी डोक्यावर बादली पालथी होईपर्यंत त्याच्यावर विश्वास ठेवायचा. घराघरात चालणारी धाकट्याची दादागिरी, एवढ्याच भांडवलावर बावीस वर्षं दुकान चाललं. लहान मुलांना ते ताबडतोब समजायचं, कारण ती सगळी कुणाची तरी थोरली नाहीतर धाकटी होती.

आता दुकान म्हटलंच आहे तर दुकानाचा इतिहास सांगायला हवा, कारण ते या दोघांनी उघडलेलं नव्हतं. वडील जेम्स एलियट रंगमंचावर जीन पॅटन या नावाने काम करायचे. गाणी, नकला, विनोदी प्रवेश, जे मिळेल ते. बॅरी आणि पॉलच्या आधी त्यांच्याच घरात आणखी एक जोडी तयार झाली होती. त्यांचे मोठे भाऊ जिमी आणि ब्रायन. त्यांनी वडिलांचं रंगमंचावरचं आडनाव घेतलं आणि पॅटन ब्रदर्स म्हणून नाव काढलं. म्हणजे एका घरात चार मुलगे, दोन जोड्या, दोन्ही जोड्या पडण्या-धडपडण्याच्या धंद्यात. रॉदरहॅम हे पोलादाचं आणि कोळशाचं गाव. तिथल्या बहुतेक घरांत मुलगा कुठे लागणार हे तो जन्मण्याआधीच ठरलेलं असायचं. या घरातही ठरलेलंच होतं, फक्त गिरणी वेगळी होती.

अडचण अशी की ही गिरणी तेव्हा बंद पडत चालली होती. ज्याला इथे व्हरायटी म्हणतात तो प्रकार, म्हणजे एकाच तिकिटात गायिका, जादूगार, कसरतवाले, नकलाकार आणि मधे विनोदी जोडी, एकेकाळी प्रत्येक गावात चालायचा. १९५० नंतर घरोघरी टीव्ही आले आणि ही नाट्यगृहं पटापट बंद झाली. काही पाडली गेली, काहींत बिंगोचे अड्डे झाले. बॅरी आणि पॉल वयात आले तेव्हा बापाचा धंदा शिकलेल्या मुलांना उभं राहायला तीन जागा उरल्या होत्या. समुद्रकाठच्या गावांतला उन्हाळी मोसम, नाताळातलं पॅन्टोमाइम (म्हणजे मूकाभिनय नव्हे, परीकथेवरचं गाण्या-विनोदाचं नाटक), आणि उत्तरेतले कामगारांचे क्लब.

या क्लबांबद्दल इथली जुनी माणसं फार रंगून बोलतात. त्यातले काही खरोखरच तालेवार होते. बॅटलीचा व्हरायटी क्लब १९६७ मध्ये उघडला आणि दुसऱ्याच वर्षी तिथे लुई आर्मस्ट्राँग येऊन वाजवून गेला. यॉर्कशरमधलं एक लोकरीच्या गिरण्यांचं गाव, आणि तिथे आर्मस्ट्राँग! रॉदरहॅमजवळचा ग्रीसबरोचा क्लबही असाच नामांकित होता. पण प्रत्येक क्लब काही बॅटली नव्हता. बहुतेक ठिकाणी विनोदी नटाला बिंगोच्या दोन डावांच्या मधला वेळ मिळायचा. समोर बीअर, ताटलीत मांसाची पाई आणि मऊ वाटाणे, आणि आकडे पुकारणाऱ्याला घाई. तिथे विनोद फसला तर कुणी शिव्या देत नसे. लोक सरळ आपापसात बोलायला लागत. माझ्या मते ते जास्त वाईट.

१९६७ मध्ये या दोघांनी 'ऑपॉर्च्युनिटी नॉक्स' या टीव्हीवरच्या स्पर्धेत बाजी मारली. ह्यूई ग्रीन सूत्रसंचालन करायचा, आणि प्रेक्षक पोस्टाने मत पाठवायचे. टाळ्या मोजायचं एक यंत्रही स्टुडिओत होतं, पण ते निव्वळ शोभेचं, निकाल पत्रांवर लागायचा. बॅरी बावीस वर्षांचा, पॉल एकोणीस-वीसचा. पुढे १९७४ मध्ये 'न्यू फेसेस' ही दुसरी स्पर्धा जिंकली. तिथे परीक्षक बसायचे आणि तोंडावर सुनवायचे. व्हिक्टोरिया वूड, शेफिल्डची मार्टी केन, लेनी हेन्री ही विनोदी मंडळी त्याच वर्षा-दोन वर्षांत त्याच दारातून आत आली आणि पुढे मोठी झाली. चकल बंधू मात्र दोनदा जिंकूनही होते तिथेच राहिले. पहिल्या विजयानंतर स्वतःची मालिका मिळायला त्यांना अठरा वर्षं लागली.

ही अठरा वर्षं मला सगळ्यांत जास्त खुणावतात, आणि त्यांबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. यशाच्या गोष्टीत मधला काळ 'संघर्ष' या एका शब्दात उरकायची पद्धत आहे. पण यांच्याबाबतीत तो संघर्ष नव्हता, ती नोकरी होती. उन्हाळ्यात समुद्रकाठी, हिवाळ्यात पॅन्टोमाइम, मधे क्लब, जमलं तर टीव्हीवर कुणाच्या तरी कार्यक्रमात पाच मिनिटं. पॅन्टोमाइम म्हणजे दिवसाला बहुधा दोन प्रयोग, डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत, समोर खच्चून भरलेली पोरं. सिंड्रेलाची गोष्ट असेल तर दोन वसुलीवाले, अल्लादीनची असेल तर दोन पोलीस, जंगलातल्या पोरांची असेल तर दोन दरोडेखोर. गोष्ट कुठलीही असो, विनोदी जोडीची जागा राखलेली असते. आणि त्या जागेवर बसणाऱ्यांना काही ठरलेले प्रवेश यावेच लागतात. बाकावर बसून गाणं म्हणायचं आणि मागून भूत यायचं, पोरांनी "तुमच्या मागे! तुमच्या मागे!" म्हणून घसा फोडायचा. किंवा भिंतीला कागद लावायचा, आणि दोन मिनिटांत रंगमंचावर पांढरा चिखल.

त्या चिखलाला इथे स्लॉश म्हणतात. माझी एक शेजारीण नाट्यगृहाच्या कपडेपटात काम करायची, तिने मला त्याची रीत सांगितली होती. दाढीचा साबण किसायचा, पाणी घालून घोटत राहायचं, हवा तसा रंग मिसळायचा. तोंडात गेला तरी नुसता कडवट लागतो, आणि मुख्य म्हणजे कपड्यांतून धुतला जातो. कारण दुपारच्या प्रयोगात माखलेला कोट संध्याकाळच्या प्रयोगाला वाळलेला हवा. "लोकांना वाटतं तो गोंधळ असतो," ती म्हणायची. "अगं, बादली कुठल्या खुणेवर ठेवायची हे खडूने आखलेलं असतं. एक वीत इकडेतिकडे झाली तर कुणाचा तरी पाय मोडतो."

शिडीचंही तसंच. दोघांपैकी एकाच्या खांद्यावर शिडी आहे. दुसरा त्याच्या मागे उभा. पहिला काहीतरी विचारायला वळतो, शिडीचं मागचं टोक फिरतं, दुसरा नेमका त्याच क्षणी बुटाची नाडी बांधायला वाकतो, शिडी डोक्यावरून जाते. आपण सुटकेचा श्वास सोडतो. पहिला पुन्हा समोर वळतो, दुसरा उठून उभा राहतो, आणि परतीची शिडी बरोबर कानशिलात. हा विनोद शंभराहून जास्त वर्षं जुना असेल. तो चालतो किंवा पडतो ते एका गोष्टीवर, वाकणाऱ्याने शिडीकडे पाहिलं की नाही. नुसती नजर जरी तिकडे गेली तरी खेळ खलास. न पाहता वाकायचं म्हणजे शिडी किती वेगाने येते आहे हे दुसऱ्याच्या खांद्याच्या हालचालीवरून कळलं पाहिजे. जुन्या भागांत बॅरीकडे लक्ष ठेवून पाहा. तो कधीच पाहत नाही. चाळिशी ओलांडलेला माणूस, पुढे साठी ओलांडलेला माणूस, लाकडाच्या वाटेत डोकं ठेवून निवांत नाडी बांधतो आहे.

जाड्या-रड्यातला रड्या, म्हणजे स्टॅन लॉरेल, हाही मूळचा उत्तर इंग्लंडचाच. अमेरिकेला जाण्याआधी तो फ्रेड कार्नोच्या मंडळीत इथल्या रंगमंचावर शिकला. १९३२ च्या त्यांच्या त्या प्रसिद्ध लघुपटात दोघं एक पियानो लांबच लांब पायऱ्यांवरून वर चढवतात. 'टू मी, टू यू'चे आजोबा तिथे दिसतात. फरक असा की लॉरेल-हार्डींच्या त्या लघुपटाला ऑस्कर मिळालं आणि एलियट भावांना पोरांच्या कार्यक्रमात दुपारची वेळ.

तीही सरळ मिळाली नाही. १९८५ मध्ये बीबीसीने त्यांना पहिली मालिका दिली ती 'चकलहाउंड्स'. त्यात दोघं नखशिखान्त कुत्र्याच्या पोशाखात. चेहरा दिसत नाही, संवाद एकही नाही. दोन स्पर्धा जिंकलेल्या, अठरा वर्षं रंगमंच झिजवलेल्या दोन माणसांना टीव्हीने बोलावलं आणि तोंड झाकून, गप्प बसवून काम दिलं. एखाद्याने रागाने पोशाख फेकून दिला असता. यांनी ते काम केलं, नीट केलं, आणि दोन वर्षांनी 'चकलव्हिजन' मिळाली. तेव्हा बॅरी बेचाळीस वर्षांचा होता.

सुरुवातीची 'चकलव्हिजन' वेगळीच होती. मधे जादूचे प्रयोग, मधे कुणी गोष्ट सांगायचं, एकूण प्रकार मासिकासारखा. मग कुणाच्या तरी लक्षात आलं असावं की पोरं फक्त या दोघांची वाट बघत बसतात, आणि एकेका भागाला एकच गोष्ट असा साचा ठरला. लेखक बदलत राहिले. १९९२ च्या सुमारास तीन भाग रसेल टी. डेव्हिस या तेव्हा कुणाला माहीत नसलेल्या तरुणाने लिहिले. पुढे २००५ मध्ये 'डॉक्टर हू' ही बीबीसीची जुनी विज्ञानकथेची मालिका पुन्हा उभी करणारा तोच.

साचा ठरल्यावर त्यात थोरल्या भावांची सोय झाली. जिमी पॅटन भागाभागात येणारा कुणीतरी अधिकारी. कधी मालक, कधी मुकादम, पोशाख दरवेळी नवा, पण वाक्य एकच, "नो स्लॅकिंग!" ब्रायनचं वाक्य वेगळं, "गेट आउट ऑफ इट!" तो बहुतेक वेळा यांना हाकलून द्यायला असायचा. म्हणजे पडद्यावर चार सख्खे भाऊ. जिमी बॅरीपेक्षा बराच मोठा, दिसायचाही तसाच. मला हे कळलं तेव्हा मालिका बघायची दृष्टीच बदलली. थोरला भाऊ येऊन "कामचुकारपणा नको" म्हणून दटावतो आहे आणि धाकटे दोघे भिंतीला चिकटून उभे आहेत, यात अभिनय किती आणि रविवारच्या जेवणाचं टेबल किती, कोण सांगणार.

मुलांच्या टीव्हीने या देशात घरंदाज धंदे सांभाळले, असं माझं मत होत गेलं आहे. सूटी नावाचं अस्वलाचं हातबाहुलं हॅरी कॉर्बेटने १९४८ मध्ये ब्लॅकपूलच्या नॉर्थ पियरवर विकत घेतलं. त्यावर त्याने आयुष्य काढलं, आणि १९७६ मध्ये ते बाहुलं मुलाच्या, मॅथ्यूच्या, हातात गेलं. मोठ्यांचा टीव्ही तेव्हा हुशार होत चालला होता. १९८० नंतरच्या विनोदी नटांना व्हरायटीचे जुने प्रवेश म्हणजे आजोबांच्या काळातली धूळ वाटायची. त्यांचा विनोद विद्यापीठांतून आणि लंडनच्या क्लबांतून आला होता, तो बोलण्याचा विनोद होता. शिडी, फळी, बादली आणि केकचा लगदा यांना रात्री नऊनंतर जागा नव्हती. दुपारी चार वाजता होती. तिथले प्रेक्षक सहा-सात वर्षांचे. त्यांच्यासाठी शंभर वर्षांपूर्वीची शिडीही आजच पहिल्यांदा फिरत होती.

आता सगळं गोडच सांगितलं तर सासूबाई रागावतील, कारण त्याही डोळस प्रेक्षक होत्या. पुष्कळ भाग सपक आहेत. शेवटच्या वर्षांत तर कधीकधी एखादं दृश्य नुसतं वेळ भरायला ताणलेलं कळतं. विनोदी वाक्यं बहुतेक पांचट, आणि ती पांचट आहेत हे दोघांना ठाऊक असल्यामुळे जरा सुसह्य. मुलीच्या मैत्रिणींपैकी एकीच्या वडिलांना ही मालिका सुरू झाली की खोलीतून उठून जायची सवय होती. वर्तमानपत्रांतल्या समीक्षकांनी वर्षानुवर्षं तेच केलं. २००८ मध्ये बाफ्टा या इथल्या चित्रपट-टीव्ही पुरस्कारांच्या मुलांसाठीच्या समारंभात त्यांना विशेष पुरस्कार दिला तोवर मालिका जवळजवळ संपत आली होती.

त्यांचं नाव मात्र भलत्याच ठिकाणी पोचलं होतं. मे २००७ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये इयन पेस्ली आणि मार्टिन मॅगिनेस एकत्र सरकारात आले. एक कडवा प्रॉटेस्टंट पुढारी, दुसरा पूर्वीचा आयआरए या ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेचा माणूस. आयुष्यभर एकमेकांचं तोंड न पाहिलेले हे दोघं जाहीर कार्यक्रमांत शेजारी बसून खदखदून हसायला लागले. लोकांनी लगेच नाव ठेवलं, चकल ब्रदर्स. पेस्लीच्या स्वतःच्या पाठीराख्यांतल्या काहींना ते हसू अजिबात मानवलं नाही. इतक्या वर्षांच्या रक्तपातानंतर राजकारण्यांना चिकटवायला देशाकडे जी उपमा तयार होती, ती रॉदरहॅमच्या दोन मिशीवाल्यांची होती.

शेवटचा भाग १८ डिसेंबर २००९ ला दाखवला. सहा दिवसांनी बॅरीला पासष्ट पूर्ण झाली, आणि तेव्हा ब्रिटनमध्ये पुरुषांचं सरकारी पेन्शनचं वय पासष्टच होतं. इतका काटेकोर हिशेब कुणी मुद्दाम घातला नसणार, पण गिरणीत लागलेल्या माणसाप्रमाणे नेमका वेळेवर तो सुटला. तीन वर्षांनी, २०१२ च्या अखेरीस, बीबीसी वनवरचा मुलांचा दुपारचा वेळच बंद झाला. मुलांचे कार्यक्रम त्यांच्या स्वतंत्र वाहिन्यांवर गेले. म्हणजे चहा टाकता टाकता आजीच्या नजरेला पडेल असं आता ते राहिलं नाही.

मोकळे झाले तेव्हा या दोघांना कळलं की आपला प्रेक्षक वाढून विद्यापीठात गेला आहे. विद्यार्थ्यांच्या क्लबांतून बोलावणी येऊ लागली. एकेकाळी दप्तर टाकून टीव्हीसमोर बसलेली पोरं आता बीअरचा ग्लास धरून तेच शब्द ओरडत होती. २०१४ मध्ये टिंची स्ट्रायडर या रॅपरबरोबर त्यांनी ल्युकेमियाच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मदतीसाठी एक गाणंही केलं. सत्तरीला टेकलेला बॅरी रॅपरच्या शेजारी उभा आहे आणि जराही ओशाळलेला नाही. ज्याने कुत्र्याच्या पोशाखात काम केलं आहे त्याला कशाची लाज वाटणार.

२०१८ च्या उन्हाळ्यात चॅनल फाइव्हवर त्यांचा 'चकल टाइम' हा नवा कार्यक्रम सुरू झाला. लोकांच्या फजितीच्या चित्रफिती आणि मधे हे दोघं. बॅरीला हाडांचा कर्करोग झाला होता, आणि ते बाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. ५ ऑगस्टला तो गेला. वय त्र्याहत्तर.

१७ ऑगस्टला त्याचा अंत्यविधी झाला तो रॉदरहॅम युनायटेडच्या मैदानावर. दोघे भाऊ या फुटबॉल क्लबचे जन्माचे भक्त, क्लबने त्यांना मानद अध्यक्षही केलं होतं. मैदानाचं नाव न्यू यॉर्क स्टेडियम. नवख्याला हा थट्टेचा प्रकार वाटतो, पण शहराच्या त्या भागालाच फार पूर्वीपासून न्यू यॉर्क म्हणतात, आणि शेजारच्या ओतकामाच्या कारखान्यातून अमेरिकेतल्या न्यू यॉर्कच्या रस्त्यांसाठी आगीचे बंब जोडायचे लाल नळ जात असत असं इथले लोक अभिमानाने सांगतात. त्या दिवशी आमच्या ऑफिसातल्या रॉदरहॅमकर सहकाऱ्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात त्याने सरळ 'कुटुंबातील मृत्यू' लिहिलं. साहेबाने मुकाट्याने सही केली.

पुढच्याच वर्षी जिमीही गेला.

जोडीतला एक गेला की दुसऱ्याचं काय करायचं, याला या धंद्यात ठरलेलं उत्तर नाही. ऑलिव्हर हार्डी १९५७ मध्ये वारला. त्यानंतर स्टॅन लॉरेल आठेक वर्षं जगला, पण पुन्हा कधी काम करायला उभा राहिला नाही. लोक त्याचं कौतुक करतात, आणि त्यात काही चूक नाही. पॉलने ते केलं नाही. भावाच्या जाण्याने आपला जिवलग मित्रही गेला असं त्याने तेव्हा सांगितलं, आणि मग तो कामाला लागला. पॅन्टोमाइम आणि मिळतील ती टीव्हीची कामं तर होतीच, शिवाय क्लबांमधून डीजे म्हणून रात्री गाणी वाजवायची. काहींना ते विचित्र वाटतं, सत्तरी उलटलेल्या माणसाने असं एकट्याने पोरांत उभं राहणं. मला वाटतं, लॉरेलपाशी एक कला होती, ती दोघांशिवाय अर्धी झाली आणि त्याने ती आवरून ठेवली. पॉलकडे कला किती होती यावर वाद घाला हवा तर, पण त्याच्याकडे बापाकडून आलेला धंदा होता. धंद्यात माणूस गेला की सुतक पाळतात आणि मग शटर वर करतात.

मुलीची एक मैत्रीण अशाच एका रात्री क्लबात जाऊन आली. मी तिला फोनवर विचारलं, कसं काय वाजवतो गं तो?

"बरा आहे," ती म्हणाली. "पण काकू, सांगितलेल्या वेळेला आला. आणि फोटोसाठी रांग होती ना, ती संपेपर्यंत थांबला."